तिला काय गरज डिग्रीची

मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे "मॅडम, जरा जपून बोला" असं कोणी म्हणायला नको. अकरा वर्षं झाली, मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर घरी बसा. आणि दर जूनला पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच मार्कशीट, पुन्हा तेच "पाहू ना मॅडम, काय जमते ते". कॉलेजाचं नाव सांगत नाही. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा 'उद्योजकता विकास' हा विषय माझ्याकडे आहे. आयुष्यात मी काडेपेटीसुद्धा विकलेली नाही, तरी उद्योजकाचे बारा गुण मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतात.

ही हकिगत खुशबूची. माझ्याच वर्गातली पोरगी, करडी गावची, मुरारी आणि गुणाबाईची थोरली. घर ढिवरांचं. बापानं तलावात नाहीतर वैनगंगेत मासोळी धरायची, आईनं ती टोपलीत घालून मोहाडीच्या बाजारात न्यायची, असा आजापणज्यापासूनचा धंदा. पहिल्या वर्षी ती पार मागच्या बाकावर, खिडकीजवळ बसायची. मला वाटलं, अभ्यासाशी घेणंदेणं नसेल. मग कळलं की पुढच्या बाकावरच्या दोघीजणी ती आली की नाकाला रुमाल लावायच्या. त्या दोघींना मी भर वर्गात असं सुनावलं की एकीचा बाप दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे तक्रार घेऊन आला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. खुशबू मात्र पुढे आली नाही ती नाहीच. "इथं हवा लागते जी मॅडम," एवढंच म्हणाली.

मुरारीभाऊ मासे धरण्यात बेताचेच, पण जाळं विणण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत नाही. फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या, हातातून सुटलं की पाण्यावर परातीसारखं गोल उघडायचं. पावसाळ्यात मासोळी अंड्यावर असते तेव्हा मासेमारी बंद ठेवतात. तेवढे दिवस हा माणूस ओसरीत बसून, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत विणत असतो. खुशबू आठ वर्षांची असताना त्यांच्या शेजारी बसून शिकली. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद पडले आणि विणलेली जाळी घरातच लटकून राहिली, तेव्हा या पोरीनं बापाचा जाळं फेकतानाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. कुठल्या कुठे आसामात एका माणसानं तो पाहिला आणि विचारलं, केवढ्याला देता. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. कॉलेजात आली तेव्हा एका विक्रीच्या साइटवर तिचं स्वतःचं दुकान होतं आणि मोहल्ल्यातल्या सहा बाया तिच्यासाठी जाळी विणत होत्या.

आता एवढं ऐकलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मग ही कॉलेज कशाला करते? मोबाइलमध्ये एक कोटवाला भाऊ येतो, तुम्हीही पाहिला असेल. कॉलेज सोडा, नोकर बनू नका, मालक बना, असं तो पंधरा मिनिटं ओरडतो आणि शेवटी स्वतःचा कोर्स विकतो. त्या कोर्सलाही फी असते, त्याचंही सर्टिफिकेट मिळतं. माझ्या वर्गातल्या चार पोरांनी त्याचं ऐकून कॉलेजातून नावं काढून घेतली. त्यातला एक आता त्याच भाऊचा कोर्स दुसऱ्यांच्या गळ्यात मारत फिरतो. हा कोटवाला मला कधी समोर सापडला तर मी काय करीन ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मुरारीभाऊंचंही मत तेच होतं, फक्त त्यांनी ते फुकट दिलं. "धंदा चालून राहिला ना तुहा? मंग ते कॉलेज कायले पाह्यजे?" गुणाबाई त्यावर फणकारायची, "तुमाले काय समजते, तुमी जाळं विना." त्या बाईनं तीस वर्षं बाजारात ज्यांच्या त्यांच्या तोंडून "ए मासोळीवाले, सरक तिकडं" ऐकून घेतलेलं आहे. पोरीच्या नावापुढे दोन इंग्रजी अक्षरं लागली की तिला कोणी सरक म्हणणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. माझ्या नावापुढे अशी सहा अक्षरं आहेत आणि मला दर जूनला सरक म्हणतात, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

खुद्द खुशबूला कॉलेजातून काय मिळत होतं, ते मला तिसऱ्या वर्षाच्या ऑगस्टात कळलं.

झालं असं की ओडिशातल्या एका मत्स्यशेतीवाल्यानं तिच्याकडून एकदम दहा जाळी मागवली. 'तीन बोटी' पाहिजेत म्हणाला. ढिवरांकडे जाळ्याचं भोक बोटांनी मोजतात. भोकात दोन बोटं बसली तर दोन बोटी, तीन बसली तर तीन बोटी. मुरारीभाऊंचा बाप तसंच मोजायचा, त्याचाही बाप तसंच. त्यामुळे खुशबूनं साइटवर तसंच लिहिलं होतं. दहा जाळी सहा बायांनी विणली, प्रत्येकीनं आपल्या बोटानं मोजून. बायजाबाईची बोटं जाड, वच्छलाची काडीसारखी. माल पोचला आणि आठवड्यात दहाच्या दहा जाळी परत. एकाही जाळ्याचं भोक दुसऱ्याशी जुळत नव्हतं. काहींतून मोठी मासोळी निसटत होती, काहींत बोटाएवढी पिल्लंसुद्धा अडकून मरत होती. त्या माणसानं दुकानाखाली चार ओळींत लिहिलं की हे लोक फसवतात.

दुसऱ्या दिवशी माझा तास होता. विषय नेमका प्रमाणीकरण. मी अकरा वर्षांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्समधून व्याख्या सांगत होते, मग फायदे, मग मर्यादा. मागच्या बाकावरून ही उठली. "मॅडम, सहा जनीईचे बोटं येकसारखे कसे करायचे?"

वर्ग हसला. मला प्रश्नच कळला नाही. मी तिला तासानंतर थांबवलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याकडे उत्तर नव्हतं. फायद्यांचे पाच मुद्दे होते, दहा जाळ्यांचं काय करायचं ते नव्हतं. लाज वाटली आणि लाजेचा मला नेहमी होतो तसा रागच झाला. तिला म्हणाले, "बघ बाई, मी जे शिकवते त्याचा तुला उपयोग नाही. तू उगाच इथं वेळ घालवतेस."

तर ती म्हणाली, "नाही जी. कालपासून मले वाटून राहिलं होतं का आमीच येडे आहोत, आमालेच मोजता येत नाही. आज तुमी सांगतलं तवा समजलं का ह्याले नाव हाय. नाव हाय म्हंजे हे दुसऱ्याईलेबी झालं असन. त्याईनं काहीतरी केलंच असन ना."

एवढं बोलून ती लायब्ररीत गेली. दोन दिवसांनी सुताराकडून एकाच फळीतून, मिलिमीटर मोजून, सहा पट्ट्या कापून आणल्या आणि प्रत्येक बाईच्या हातात एक एक दिली. आता विणताना बोट नाही, पट्टी. दहा जाळी नव्यानं विणून ओडिशाला गेली आणि तो माणूस अजून तिच्याकडून माल घेतो. मुरारीभाऊ मात्र चिडले. "माह्या बोटावर भरवसा नाही तुहा?" म्हणून आठ दिवस पोरीशी बोलले नाहीत आणि पट्टीला हात लावला नाही. त्यांची जाळी ती वेगळी विकते, बोटाशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढते. ती महाग जातात.

कॉलेज कशाला पाहिजे असं मला त्यानंतर कोणी विचारलं की मी तिचं ते वाक्य सांगायचे. वाटतं तेवढं थोडं नाही ते.

जानेवारीत आमच्याकडे बाहेरून समिती आली. कॉलेज कसं चाललं आहे ते पाहून श्रेणी देणारी. त्याआधी महिनाभर भिंतींना रंग, झाडांच्या बुंध्यांना गेरू, बंद पडलेल्या संगणकांवर नवीन कव्हरं. प्राचार्यांच्या कानावर कोणीतरी खुशबूचं घातलं होतं. त्यांनी तीन दिवस तिला सभागृहात उभं केलं. पहिल्या दिवशी तयारी, दुसऱ्या दिवशी स्टॉल, तिसऱ्या दिवशी स्टेजवर शाल आणि श्रीफळ. मागे हा एवढा फ्लेक्स, 'आमच्या महाविद्यालयाने घडवलेली उद्योजिका'. प्राचार्य माइकवर म्हणाले, ही आमची निर्मिती आहे. मी खाली बसून दात चावत होते. तीन वर्षांत या माणसानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. मुरारीभाऊंना जाळं घेऊन बोलावलं होतं, त्यांना स्टेजच्या पायरीशी उभं ठेवलं आणि समितीतल्या एका बाईंनी जाळ्याला हात लावल्यावर फोटो काढला. फोटोत मुरारीभाऊंचा अर्धा खांदा आला आहे.

त्या तिन्ही दिवशी तास चालूच होते, कारण समितीला चालू तास दाखवायचे होते. माझ्या रजिस्टरमध्ये जी मुलं वर्गात नव्हती त्यांच्यापुढे मी 'गै' लिहिलं. खुशबूपुढेही. मला कोणी वेगळं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. बाकीच्या शिक्षकांनीही तेच केलं. ज्या दिवशी तिच्या खांद्यावर शाल पडली त्या दिवशी ती पाचही तासांना गैरहजर आहे.

मार्चमध्ये, सतरा तारखेला, सोमवारी, नोटीस बोर्डावर यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी नसलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. नऊ नावं होती, त्यात तिचं चौथं. बहात्तर टक्के. पोस्टात पार्सल टाकून यायची म्हणून तिचा पहिला तास कधीकधी बुडायचा, ते खरंच आहे. पण ते तीन दिवस धरले असते तर ती पंचाहत्तरच्या वर जात होती. आणि संस्थेच्या एका सदस्याचा पुतण्या, ज्याचं तोंड मी वर्षात सहा वेळा पाहिलं, त्याचं नाव यादीत नव्हतं. त्याची हजेरी ऑफिसात बसून सुधारली होती. कशी, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

खुशबू त्याच दिवशी माझ्याकडे आली. रडत वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, शुक्रवारपर्यंत दुरुस्ती घेतेत. त्या तीन दिवसाचं तुमी लिहून द्या का मले कॉलेजनं सभागृहात बसवलं होतं. वर्गशिक्षक तुमीच हाव."

मी म्हणाले, उद्या देते.

मंगळवारी सकाळी पत्र लिहून पर्समध्ये घातलं. व्हरांड्यात प्राचार्य भेटले. आजवर मला पाहून न पाहिल्यासारखं करणारा माणूस चक्क थांबला. "मॅडम, पुढच्या वर्षी तुमचे तास वाढवायचा विचार चालला आहे. कायम जागेचंही बघतो आहोत. फक्त एक करा, त्या समितीच्या दिवसांच्या रजिस्टरला आता कोणी हात लावू नका. चालू तासांतून मुलं उठवली असा कागद बाहेर गेला तर श्रेणी अडकते." मी हो म्हणाले. काय हो म्हणाले, का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. अकरा वर्षं ज्या दोन शब्दांची वाट पाहिली ते 'कायम जागा' कानावर पडले, एवढंच.

बुधवारी पत्र पर्समध्ये होतं. गुरुवारी पर्समध्ये होतं. खुशबू रोज दाराशी येऊन उभी राहायची आणि मी रोज नवं कारण सांगायचे, टायपिंग राहिलं, शिक्का राहिला. वर्गात जरा कुठे आवाज झाला की पोरांवर खेकसायचे. शुक्रवारी ती आली तेव्हा मी स्टाफरूमच्या मागच्या दारानं निघून गेले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दोन पदव्युत्तर पदव्या, आणि विद्यार्थिनीला चुकवून मागच्या दारानं पळते आहे. शिव्या मला पुष्कळ येतात. त्या दिवशी सगळ्या स्वतःला घालून झाल्या.

शनिवार-रविवार कसा गेला विचारू नका. सोमवारी मी पत्र घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाले, बसले नाही. "तीन दिवस तुम्ही तिला स्टेजवर नाचवलं आणि आता परीक्षेला बसू देत नाही, हे काय चाललं आहे?"

ते हसले. अगदी समजूतदारपणे हसले, त्यानंच माझ्या मस्तकात तिडीक गेली. "अहो मॅडम, एवढं काय त्यात. त्या मुलीला काय गरज डिग्रीची? ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कमावते. ऑनलाइन धंदा आहे तिचा. उलट मोकळी झाली. डिग्री करून काय, नोकरीच्या रांगेत उभी राहणार आहे का?"

"तुमच्या मुलाचं नागपुरात मोबाइलचं दुकान आहे ना?" मी विचारलं. "मग त्याला एम.बी.ए. कशाला केलं? डोनेशन भरून?"

त्यांचं हसणं बंद झालं.

मला जे बोलायचं होतं ते सगळं मी त्या दिवशी बोलून घेतलं. म्हणाले, गरज नाही हे वाक्य तुम्ही कोणाला ऐकवता ते मी अकरा वर्षं पाहते आहे. पाटलाच्या पोराला ऐकवत नाही, सावकाराच्या, डॉक्टरच्या पोराला ऐकवत नाही. त्यांना धंदाही पाहिजे, डिग्रीही पाहिजे, हौस म्हणूनसुद्धा पाहिजे. मासोळीवालीची पोरगी चार पैसे मिळवायला लागली की लगेच तुम्हाला आठवतं, शिक्षणाचा काही उपयोग नसतो. उपयोग आहे की नाही ते तिचं ती ठरवेल ना. तिनं फी भरली आहे, पुस्तकं वाचली आहेत, तुमच्या फ्लेक्ससमोर तीन दिवस उभी राहिली आहे. तुम्ही कोण तिची गरज मोजणारे? आणि शेवटी म्हणाले, हे पत्र तुम्ही घेत नसाल तर मी ते समितीलाच पाठवते, पुतण्याच्या हजेरीसकट.

प्राचार्यांनी पत्रावरून नजर फिरवून ते मला परत दिलं. मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. मुदत शुक्रवारीच संपली, पण मार्ग निघतो. तुम्ही पत्र नवीन लिहा. सभागृहाचं वगैरे काढून टाका, नजरचुकीने गैरहजेरी लागली असं लिहा. तारीख अठरा टाका. पत्र मुदतीत आलं होतं, आवक बाबूनं टेबलावर ठेवलं आणि विसरला, असा शेरा मी मारतो. विद्यापीठ लिपिकाची चूक मान्य करतं, हॉल तिकीट देतं. मनिषला मेमो देऊ."

मनिष हा आमच्या ऑफिसातला आवक-जावक पाहणारा बाबू. ठेकेदाराकडून लागलेला, घरी म्हातारे आईबाप. त्याला मेमो म्हणजे दुसऱ्या दिवशी ठेकेदार दुसरा माणूस पाठवतो. हे मला केबिनमध्ये उभं असतानाच कळलं होतं. तरी मी बाहेर येऊन पत्र नवीन लिहिलं. अठरा तारीख टाकली. पोरीचं वर्ष वाचतं आहे, बाकीचं नंतर बघू, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझे चार दिवस त्या अठरामध्ये गडप होत होते आणि मला ते फार बरं वाटलं.

पत्राबरोबर विद्यार्थिनीचा अर्ज लागतो, तिची सही लागते. मी स्कूटी काढली आणि करडी गाठली. दुपारची वेळ. मुरारीभाऊ ओसरीत विणत होते, त्यांनी मानेनंच बसा म्हटलं. गुणाबाई बाजारातून नुकतीच आली होती, हात धूत होती. खुशबू आतून आली. मी खूश होऊन कागद तिच्या हातात दिला. "घे. कर सही. हॉल तिकीट मिळतं आहे."

गुणाबाईनं ओल्या हातांनीच मला नमस्कार केला. खुशबू मात्र कागद वाचत होती. सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"मॅडम, हे पत्र तुमी अठराले देल्लं होतं का?"

"नाही. पण तसं दाखवायचं ठरलं आहे."

"मंग इतके दिवस कुठं होतं म्हनायचं?"

"मनिषच्या टेबलावर. तो विसरला असं."

"तो इसरला नाही ना."

 माझा पारा चढला. म्हणाले, "अगं बयो, तुझ्यासाठी मी त्या माणसाशी भांडून आले. नोकरी पणाला लावून आले. या कॉलेजात खऱ्या तारखा कोण लिहितं? तुझंच एक पत्र खरं असून काय होणार आहे? तुला डिग्री पाहिजे की नाही?"

"पाह्यजे ना," ती म्हणाली. "लय पाह्यजे. तुमाले वाटते त्याच्याऊन जास्त पाह्यजे." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. तीन वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. "पन माहं एक वर्ष गेलं तं मी जाळी विकीन. खाऊन पिऊन राहीन. मनिषदादाचं काम गेलं तं तो काय विकन?"

मुरारीभाऊंचा हात थांबला होता. ते म्हणाले, "अवो, सही कर ना मंग. वर्षभर आमालेच भांडली कॉलेजासाठी, आता कायले मागं सरून राहिली?" कॉलेज नको म्हणणारा माणूस सही कर म्हणत होता. तिनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, यंदाचा पेपर गेलाच ना खऱ्या तारखेनं?"

"गेला. मुदत संपली."

"पन पत्र देल्लं तं हजेरी भरून निंघन? पुढच्या वर्षी नुसत्या पेपराले बसता येईन?"

"येईल."

"मंग पयलंच पत्र द्या, सभागृहाचं. आन तारीख खरी टाका."

नवीन पत्र तिनं घडी करून माझ्या हातात परत दिलं. फाडलं नाही, फेकलं नाही. मी पर्समधून जुनं पत्र काढलं. त्यावर तारखेची जागा रिकामीच होती, मंगळवारपासून. मी चोवीस लिहिलं. सही केली. हे पत्र गेलं की जूनमध्ये माझी मुलाखत होणार नाही, हे मला कळत होतं, पण त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

गुणाबाई एवढा वेळ खांबाला टेकून उभी होती. तिला अक्षर वाचता येत नाही, पण बोलणं सगळं ऐकलं होतं. ती माझ्यासमोर येऊन बसली. रागावलेली होती, पण आवाज चढला नव्हता.

"मॅडम, पोरगी तुमाले मागच्या सोमवारी भेटली होती ना? मंग हा कागद चार दिवस तुमच्याजवळच होता?"

"हो."

"कायले ठेवला?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तिथं ते निघेना. म्हणाले, "भ्याले, गुणाबाई. माझे तास जातील म्हणून भ्याले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझी दया येत होती की चीड, ते मला ओळखता आलं नाही. मग तिनं विचारलं, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "तुमी तं इतक्या शिकल्या मॅडम. तुमाले काहाची भीती?"